लाल दोऱ्याची खूण

नीळबाईची बोटं गेली अडतीस वर्षं निळी आहेत. पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ नखांच्या कडांत जाऊन बसली ती बसलीच. लग्नकार्याला ती हातमोजे घालून जाते. पण जेवताना ते काढावेच लागतात आणि शेजारी बसलेला पाहुणा हमखास दचकतो. "रोग नाही हो, धंदा आहे," असं त्याला सांगून ती ताटातलं सगळं संपवते. तिचं खरं नाव चर्चच्या रजिस्टरमध्ये आहे, पण ते शोधून काढायची वेळ आजवर कुणावर आली नाही.

तिची लाँड्री नदीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या टोकाला. खाली दुकान, वर दोन खोल्या. नवरा अचानक वारला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती आणि दुकानात लोकांच्या कपड्यांची अकरा गाठोडी पडली होती. लोक म्हणाले, "परत करून टाका, आता तुम्हाला कसं जमणार?" तिने परत केली, पण धुऊन, इस्त्री करून, आणि पुढच्या आठवड्यात त्याच दारांत मळके कपडे मागायला उभी राहिली.

इतक्या घरांचे कपडे एकत्र भिजत घालायचे तर ओळखायचे कसे? त्यासाठी खूण. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, लाल दोऱ्याचे चार टाके. बेकरीवाल्याचे दोन आडवे, दोन तिरपे. डॉक्टरांचे तीन उभे, एक आडवा. चर्चच्या गायकमंडळाच्या झग्यांवर चारही तिरपे. शेवटी कापडाच्या मागून एक उलटा टाका घ्यायचा, म्हणजे खूण वर्षानुवर्षं सुटत नाही. दोनशेच्या वर घरं, प्रत्येकाची खूण वेगळी, आणि त्यातली एकही कागदावर नाही. "एक वही करा की," असं कुणी सुचवलं तर ती म्हणायची, "वही भिजते."

बाई तशी मनाने मऊ, पण जिभेला धार. त्या धारेनेच घात केला. मुलीने लग्न केलं ते वॉशिंग मशीन विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. जगात इतके धंदे, आणि पोरीला नेमका हाच सापडला, असं नीळबाईच्या मनात आलं तर त्यात नवल नाही. तरी लग्न धुमधडाक्यात झालं. बिनसलं ते पुढे महिन्याभराने, रविवारच्या जेवणावर. मुलगी काळजीने म्हणाली, "आई, आता हात मोडून घेऊ नकोस. घरोघर मशीन येतायत. तुझा धंदा फार तर अजून पाच वर्षं."

"चार," जावई म्हणाला. माणूस साधा, विचारलं नसतानाही खरं बोलणारा.

नीळबाईने चमचा खाली ठेवला. "मग पाच वर्षांनी या," ती म्हणाली, "दुकानाला कुलूप लागलेलं बघायला."

या गोष्टीला सात वर्षं झाली. दुकानाला कुलूप लागलं नाही आणि मुलगीही आली नाही. पुलापलीकडच्या कारखान्याच्या वसाहतीत ती राहायची. चालत गेलं तर पाऊण तास. तिने चर्चला येणंही सोडलं, कारण आलं तर खिडकीजवळच्या, घरच्या नेहमीच्या तिसऱ्या बाकावर आईशेजारीच बसावं लागलं असतं. नात झाल्याचं नीळबाईला बेकरीवाल्याकडून कळलं. पुढे बाजारात तिने त्या पोरीला दोनदा लांबून पाहिलं, दोन्ही वेळा भाजीच्या गाडीआड उभं राहून. म्हातारपणी माणूस किती हट्टी होऊ शकतो याला काही मर्यादाच नाही.

आणि मग पूर आला.

सोमवारी पहाटे धरणाच्या वरच्या बाजूचा डोंगर ढासळला आणि नदी गावात शिरली ती गाळ घेऊनच. दोन दिवस पाणी होतं. मंगळवारी संध्याकाळी उतरलं तेव्हा नीळबाईच्या दुकानात गुडघाभर चिखल होता. वरच्या फळीवरची इस्त्री तेवढी शाबूत राहिली. ती इस्त्री काखेत मारून बाई चढण चढली आणि चर्चमध्ये दाखल झाली. चर्च उंचावर, त्यामुळे कोरडं. पाळकसाहेबांनी पहिल्याच रात्री बाकं बाहेर काढून दारं उघडी ठेवली होती आणि बुधवारी सकाळपर्यंत आत-बाहेर मिळून नऊशे माणसं झाली होती.

चर्चची ही मंडळी तशी कामाला वाघ, पण शिस्तीची भारी हौस. इथे ठराव मांडून, अनुमोदन देऊन, हात वर केल्याशिवाय पंख्याला तेलसुद्धा घालत नाहीत. चर्चच्या कमिटीचे चिटणीस म्हणजे निवृत्त हेडमास्तर. अंगावर दुसऱ्याचा सदरा, पायात दोन वेगळ्या चपला, स्वतःचं घर छपरापर्यंत चिखलात. तरी हातात फळा आणि खडू. बेकरीवाल्याकडे स्वयंपाक, डॉक्टरांकडे मागची खोली, तरुण संघाकडे पाणी भरणं. आणि सापडलेल्या माणसांची यादी दाराजवळच्या फळ्यावर, रोज सकाळी नव्याने लिहिलेली.

नीळबाई रोज सकाळी त्या फळ्यापुढे उभी राहायची. काही विचारायची नाही. पुलाचा एक खांब खचल्याची शंका होती, तपासणी होईपर्यंत पलीकडे कुणाला जाऊ देत नव्हते, आणि वसाहतीतल्या एकाही माणसाचं नाव अजून फळ्यावर नव्हतं. हेडमास्तरांना हे ठाऊक होतं. ते खडू हातात फिरवत म्हणायचे, "उद्या कळेल, बाई." ती म्हणायची, "मी कुठे काय विचारलं?" आणि निघून जायची.

बुधवारी दुपारी पालिकेच्या माणसांनी गल्ल्यांतून ओढून काढलेलं सगळं कापड चर्चच्या पटांगणात आणून टाकलं, कारण गावात तेवढी एकच कोरडी मोकळी जागा होती. रजया, चादरी, उशा, पडदे, शर्ट, लंगोट. चिखलात गुंडाळलेला दोन पुरुष उंचीचा डोंगर. शनिवारी दुपारी ट्रक येणार होता आणि ते सगळं गावाबाहेर खड्ड्यात पुरणार होते. हेडमास्तरांनी तसा ठराव मांडला. दुसऱ्या शहरातल्या एका चर्चच्या मंडळीने नवी पांघरुणं पाठवली होती, ती वाटायला जागा हवी होती.

"किती आलीत?" नीळबाईने मागून विचारलं.

"तीनशे."

"माणसं किती?"

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "नऊशे."

"मग तिघांनी एक पांघरायचं का? कडाक्याची थंडी पडलीय, सर. आणि तो डोंगर पुरायला निघालात, त्यात सातशे तरी पांघरुणं आहेत. मी धुते."

"बाई, ते कुणाचं काय, हे कोण सांगणार? भांडणं लागतील."

"मी सांगेन," नीळबाई म्हणाली. "निम्मा डोंगर माझ्या हाताखालून गेलेला आहे."

मग हेडमास्तर म्हणाले, "धुणार कशात? विहिरीवर पिण्याच्या पाण्याची रांग आहे."

नीळबाईने चर्चच्या मागे बोट दाखवलं, आणि ते निळं बोट कुठे वळलं हे बघून कमिटीच्या दोन सभासदांच्या तोंडचं पाणी पळालं. मागे बाप्तिस्म्याचा हौद होता. सिमेंटचा, उतरायला पायऱ्या असलेला, डोंगरातल्या झऱ्याच्या नळाने भरणारा. या मंडळीत माणसाला पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. हौद त्यासाठीच बांधलेला, आणि त्यात कधी कुणी पायसुद्धा धुतले नव्हते.

सगळ्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. वयाने तरुण, पहिलीच नेमणूक, तीन दिवस झोप नाही. "आपण त्यात माणसाचं पाप धुतो असं मीच दर रविवारी सांगतो," ते म्हणाले. "पापापुढे चिखल म्हणजे काय?" अनुमोदन बेकरीवाल्याने दिलं. हात वर झाले. हेडमास्तरांनी सगळ्यात शेवटी वर केला, पण केला.

त्या क्षणापासून नीळबाईने पटांगण डोक्यावर घेतलं. बाह्या सरसावून ती पायरीवर उभी राहिली आणि वकील, शिक्षक, कारकून, सगळ्यांना कामाला जुंपलं. आधी काठीने झोडून वाळलेला गाळ पाडायचा. मग हौदात उतरून पायांनी तुडवायचं. मग दोघादोघांनी टोकं धरून पिळायचं. लोक दहा मिनिटांत दमायला लागले तेव्हा बेकरीवाल्याने, जो गायकमंडळात खर्जात गातो, स्तुतिगीत सुरू केलं. दोन कडवी तुडवायचं, तिसऱ्याला पिळायचं, असा नियमच होऊन बसला. एका सभासदाने ठरावीक गीताला हरकत घेतली, फार संथ आहे म्हणून. त्यावर मात्र ठराव झाला नाही. नीळबाईने नुसतं पाहिलं.

गुरुवारी सकाळी घोटाळा झाला. तरुण संघातल्या मुलींना तिने वाळलेल्या चादरी घड्या घालायला दिल्या होत्या. मुली गुणी, नीटनेटक्या. चादरींच्या कोपऱ्यांत लाल दोरे लोंबताना दिसले. लोकांना देताना बरं दिसत नाही म्हणून त्यांनी कात्रीने ते सगळे कापून टाकले. एकोणतीस चादरी. नीळबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती जे बोलली ते चर्चच्या आवारात बोलण्यासारखं नव्हतं, आणि पाळकसाहेब ऐकू न आल्यासारखं करत लांब निघून गेले. मुली रडायला लागल्या. मग बाईच त्यांच्याजवळ बसली, एक चादर उजेडात धरली आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "दोरा गेला तरी सुईची भोकं राहतात. बघा. तीन उभी, एक आडवं. डॉक्टर." एकोणतीसच्या एकोणतीस चादरी तिने अशा वाचल्या. तेव्हापासून त्या मुली तिची पाठ सोडेनात.

त्याच दुपारी, कपड्यांच्या डोंगराचा पुलाकडून आणलेला भाग उपसताना, तिच्या हाताला एक लहान फ्रॉक लागला. पिवळा, खिशावर बदक. बाहीला चिखल, एक बटण गेलेलं. सवयीने तिने आतली कड उलटली.

दोन उभे टाके, एक आडवा, पुन्हा एक उभा.

ही खूण गावात एकाच घराची. तिच्या स्वतःच्या. आणि टाके तिचे नव्हते. तिच्यापेक्षा लहान, जरा घाईचे, शेवटचा उलटा टाका न घेता तसेच सोडलेले.

नीळबाई तिथेच चिखलात बसली. ज्या घरात हा फ्रॉक दोरीवर वाळत होता ते घर पाण्याने धुऊन नेलं होतं, एवढं तो फ्रॉक सांगत होता. तो घालणारी पोर कुठे आहे, हे सांगत नव्हता. चार दिवस गिळलेली भीती आता गिळता येईना, आणि आपण गाडीआड उभं राहून नातीला बघितलं याची तिला मनापासून लाज वाटली.

ती उठली. कुणाला वाटेल, ती तशीच धावत सुटली. तर तसं नाही. तिने तो फ्रॉक हौदावर नेला, एकटीने धुतला. चुलीतले निखारे मागून इस्त्रीत घातले. ओला फ्रॉक इस्त्रीखाली वाफाळून कोरडा केला, खिशावरचं बदक उलट्या बाजूने दाबलं, आपल्या ब्लाउजचं बटण तोडून तिथे शिवलं. अर्धा तास गेला. "अडतीस वर्षांत मी कुणाच्या दारात ओला कपडा नेलेला नाही," ती पाळकसाहेबांना म्हणाली, पण घातलेली घडी मोडून ती पुन्हा पुन्हा घालत होती. पाळकसाहेबांनी ओळखलं. तिच्या हातात मेलेल्याचा कपडा आहे की जित्याचा, हे ठरवायचं तिला धैर्य होत नव्हतं. म्हणून ती तो जित्याचा आहे असंच धरून चालली होती.

पुलाशी दोर बांधला होता. शिपाई म्हणाला, "उद्या सकाळी सोडू, आजी."

"मला कपडा पोचवायचाय," नीळबाई म्हणाली आणि दोराखालून वाकून गेली. तिच्या तोंडाकडे बघून त्याने अडवलं नाही.

वसाहतीतली माणसं कारखान्याच्या गोदामात होती, असं पलीकडे पहिल्याच माणसाने सांगितलं. नावं त्याला ठाऊक नव्हती. गोदाम लांबच लांब, दोन्ही बाजूंना पुठ्ठे अंथरून कुटुंबं बसलेली. नीळबाईला कुणाचं नाव घेऊन विचारवेना. नाही असं उत्तर आलं तर? तिने फ्रॉक दोन्ही हातांवर आडवा धरला, जसा ती गिऱ्हाइकाला देते, आणि मधल्या वाटेने चालायला लागली. एक ओळ संपली. दुसरी अर्धी झाली.

"माझं बदक!"

पुठ्ठ्यावर एक चार वर्षांची पोर उभी होती. अंगात पुरुषी शर्ट, कमरेला सुतळी. तिच्यामागे एक बाई बादलीत काहीतरी घासत होती, तिने मान वर केली आणि हातातलं कापड पाण्यात सोडून दिलं.

"आई," नीळबाईची मुलगी म्हणाली.

नीळबाईने नातीच्या हातात फ्रॉक दिला आणि मग पुठ्ठ्यावर बसली. आणि बोलली ती काय? "घरात मशीनं आहेत ना तुझ्या? मग खूण कशाला? घरातल्या घरात धुतलेल्या कपड्याला खूण लागते का?"

"नाही लागत."

"मग?"

मुलीने ओले हात पुसले. "काही हरवलं, तर ते फिरून तुझ्याकडेच येईल. म्हणून सगळ्यावर घालते. पहिल्यापासून."

नीळबाई ढसाढसा रडली. सात वर्षांचं एकदम. नात फ्रॉक छातीशी धरून या निळ्या बोटांच्या बाईकडे बघत होती आणि शेवटी तिने विचारलं, "तुझ्या हाताला काय झालं?"

"धंदा," नीळबाई म्हणाली आणि नाक पुसलं.

जावई गोदामाच्या टोकाला एका उघड्या मशीनमध्ये डोकं घालून बसला होता. सासूला बघून तो उठला तो पान्हा हातात धरूनच, आणि मशीनच्या मागे सरकला. त्याने दुकानातली मशीनं दोरीने बांधून वरच्या मजल्यावर ओढली होती. दोन वाचली होती.

"पिळतं का तुमचं हे?" नीळबाईने विचारलं. सात वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"पिळतं. मोटार वाळवली. पण वीज नाही."

"वीज चर्चमध्ये आहे. जनरेटर आहे. तुडवायला माणसं आहेत माझ्याकडे, पण ओली रजई पिळताना हात मोडतायत, आणि ऊन नाही. शनिवारी दुपारी ट्रक येतो." पुढचं वाक्य जड होतं, पण तिने ते काढलं. "तुमच्या मशीनशिवाय होणार नाही."

जावयाने पान्हा खिशात घातला. "होईल," तो म्हणाला. विचारल्यावरही खरंच बोलणारा माणूस.

शुक्रवारी सकाळी पूल उघडला आणि हातगाडीवरून दोन मशीनं चढण चढून आली. हेडमास्तर ठराव मांडायला निघाले होते, तोवर जावयाने वायर जोडलीसुद्धा. दिवसभर तुडवणं हौदात, पिळणं मशीनमध्ये, आणि अर्धवट सुकलेल्या रजया चर्चच्या आत, बाकं काढलेल्या जागेवर, दोऱ्यांवर. मशीनची घरघर आणि बेकरीवाल्याचा खर्ज यांचं काही जमलं नाही, पण काम कुठे अडलं नाही. एकदा जावयाने चिखलाची चादर तशीच मशीनमध्ये घातली आणि नीळबाईने सगळ्यांदेखत त्याच्या हातावर चापट मारली. तेव्हा त्याला कळलं की आपल्याला माफी मिळाली.

शनिवारी सकाळपासून पटांगणात टेबल मांडलं. तरुण संघातल्या मुली खुणा वाचून सांगत होत्या, अडलं की नीळबाईकडे धावत होत्या. ज्यांच्यावर खूणच नव्हती ती पांघरुणं लहान मुलं असलेल्या घरांना दिली. हेडमास्तरांची रजई निघाली तेव्हा त्यांनी ती घडी उघडून पाहिलीदेखील नाही. नुसती काखेत धरून दिवसभर खडूने लिहीत राहिले. दुपारी ट्रक आला. ड्रायव्हरने पटांगणभर नजर फिरवली आणि विचारलं, "डोंगर कुठाय?" कोपऱ्यात चिंध्यांची दोन पोती होती, ती त्याला दिली.

ट्रक गेल्यावर नीळबाई पायरीवर टेकली. नात पिवळा फ्रॉक घालून समोर उभी होती. बाईने सुईत लाल दोरा ओवला, पोरीला जवळ ओढलं, कड उलटली आणि खुणेच्या शेवटी राहिलेला उलटा टाका घातला. मुलगी शेजारी येऊन बसली. टेबलापुढे अजून पंचवीस-तीस माणसांची रांग होती.

"आई, मी आले होते," मुलगी म्हणाली.

"कधी?"

"पाच वर्षं झाली त्या दिवशी. तू या म्हणाली होतीस ना. मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. दुकान उघडं होतं, दारात ही एवढी रांग. मला वाटलं, मी हरले. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

नीळबाईने दोरा दातांनी तोडला. समोरच्या रांगेकडे बघत तिने हात मुलीच्या हातावर ठेवला.

"रांगेत उभं राहायचंस," ती म्हणाली. "नंबर आला असता."